टर्बो गेला? नवा बसवण्याआधी तो कशानं गेला ते शोधा

दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या पैशांतून मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. दमदार इंजिन, रंग चकाचक. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला ॲक्सिलरेटरवर पाय जपूनच ठेवावा लागायचा, असा पिकअप. तिसऱ्या महिन्यात घाट चढताना आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग गाडीचा दम गेला आणि मागं निळा धूर. जवळच्या गॅरेजवाल्यानं बोनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला, "टर्बो गेला, नवा टाकावा लागंल." ३४ हजार मोजले. सव्वा महिन्यात, हजार-बाराशे किलोमीटर झाले नसतील, तोही गेला.

मग गाडी टोचन करून दुसऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं टर्बोला हात लावण्याआधी ऑइलचं झाकण उघडलं, डिपस्टिक बोटावर घासून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, टर्बो मेला न्हाई, मारलाय. आधी मारणारा शोधू." मारणारा निघाला इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर. तो लीक होता, त्यातून काजळी ऑइलमध्ये जात होती आणि टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइप तिनं चोंदला होता. वॉशर चहा-भज्याच्या पैशांत येतो. त्याच्यापायी माझे दोन टर्बो गेले.

गावाकडं आता जुन्या टर्बो गाड्या घरोघर दिसतात. कुणाकडं डिझेल स्विफ्ट, कुणाकडं स्कॉर्पिओ, पोरांकडं पोलो जीटी नाहीतर जुनी ऑक्टाव्हिया. म्हणून ही माहिती एका जागी देतोय. सेव्ह करून ठेवा, गॅरेजला जाताना कामी येईल.

टर्बो म्हणजे नेमकं काय?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोत त्याच धुरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल-पेट्रोल जास्त जाळता येतं आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. ही कल्पना स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची, त्यांचं पेटंट १९०५ सालचं.

आता वेग बघा. आपला ट्रॅक्टर मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांवर काम करतो. कारमधला टर्बो मिनिटाला एक लाखाच्या वर फिरतो, छोटे टर्बो तर दोन लाखांच्याही पुढं जातात. एका बाजूला लालबुंद होईल इतका गरम धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. आणि मधला दांडा कशावर फिरतो, तर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या पातळ थरावर. हा थर केसापेक्षा बारीक असतो. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी लोखंडाला लोखंड घासतं. टर्बोची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

टर्बो कशानं जातो?

विहिरीतली मोटर जळाली आणि कशानं जळाली ते न बघता नवी सोडली, तर तीही जळणार. टर्बोचं तसंच आहे. तो क्वचितच आपल्या मौतीनं मरतो. नेहमीची कारणं अशी :

१. ऑइल कमी पडणं. लेव्हल खाली गेलेली, चेंबरमधला स्ट्रेनर गाळानं भरलेला, ऑइल पंप थकलेला किंवा टर्बोचा ऑइल पाइप आतून चोंदलेला. काही गाड्यांत या पाइपच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती आधी बंद होते.

२. ऑइल घाण असणं. सर्व्हिस लांबवली की ऑइलमध्ये काजळी आणि कचरा वाढतो. तो बेअरिंगला पॉलिश पेपरसारखा घासतो.

३. ऑइल परत न जाणं. टर्बोत ऑइल दाबानं येतं, पण खाली चेंबरमध्ये उतारानं परत जातं. परतीचा पाइप दबला किंवा इंजिनचा ब्रीदर चोंदला, तर ऑइल तुंबतं आणि सीलमधून बाहेर येतं. अशा वेळी टर्बो चांगला असूनही गाडी निळा धूर मारते.

४. बाहेरची वस्तू आत जाणं. एअर फिल्टर फाटलेला असला तर धूळ-खडा, नाहीतर काम करताना आत राहिलेला नट किंवा चिंधी. पंख्याच्या पात्यांची धार जाते, दांड्याचा तोल बिघडतो.

५. हवा गळणं. होज पाइप फाटला किंवा क्लिप ढिली झाली की दाब भरून काढायला टर्बो गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि दमतो.

६. ट्यूनिंग. पोरं लॅपटॉप लावून गाडी 'रिमॅप' करतात. ताकद वाढते, पण टर्बोवरचा दाब आणि उष्णताही वाढते. पहिल्या मालकानं हौस केलेली असते, बिल दुसऱ्याला येतं.

७. पळवून आणून लगेच बंद करणं. इंजिन बंद झालं की ऑइलचा पुरवठा थांबतो. तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागेवरच करपतं आणि कोळशाचा थर धरतो.

लक्षणं कशी ओळखायची?

- निळा धूर : इंजिन ऑइल जळतंय. टर्बोचं सील असू शकतं, ब्रीदर असू शकतो, पिस्टनच्या रिंगाही असू शकतात. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं तरीही निळा धूर येतो.
- काळा धूर आणि पिकअप नाही (डिझेल) : इंजिनला हवा कमी पडतेय. फाटका होज, घाण फिल्टर, अडकलेला टर्बो किंवा खराब इंजेक्टर.
- सायरनसारखी शिट्टी : टर्बोची बारीक शिट्टी नेहमीची असते. आवाज अचानक वाढला किंवा घासल्यासारखा येऊ लागला तर गाडी थांबवा.
- चेक इंजिनचा दिवा आणि गाडी एका वेगापुढं जात नाही : कॉम्प्युटरनं इंजिन वाचवायला ताकद कमी केलीय. याला मिस्त्री 'लिम्प मोड' म्हणतात. स्कॅनर लावल्याशिवाय कारण सांगता येत नाही.
- पांढरा धूर आणि कूलंट कमी होणं : हे बहुतेक वेळा हेड पॅकिंगचं दुखणं असतं. टर्बो बदलून ते जाणार नाही.

सावधान! डिझेल इंजिन बेफाम सुटलं तर

हा भाग घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरला वाचून दाखवा. डिझेल गाडीत टर्बोचं सील पूर्ण फुटलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन किंचाळत वर जातं, मागं धुराचे लोट. चावी बंद केली तरी ते बऱ्याचदा थांबत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी ऑइल जळतच असतं.

गिअरची गाडी असेल तर क्लच दाबून ब्रेकवर गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, ब्रेक पूर्ण दाबून धरा, सर्वात वरचा गिअर टाका आणि क्लच झटकन सोडा. इंजिन बंद पडेल. समोर माणूस किंवा गाडी असेल तर हे करू नका. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालत नाही. गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि लांब जा. एअर इनटेकवर हात किंवा कापड कधीच लावू नका. इंजिन कापड आत ओढून घेतं आणि हाताला गंभीर इजा होऊ शकते. बोनेटवर वाकून बघत उभं राहू नका, इंजिन फुटू शकतं. गाडीपेक्षा माणूस मोठा.

गाडीनं जास्त निळा धूर मारायला सुरुवात केली तर 'गावापर्यंत नेऊ' म्हणू नका. तिथंच बंद करा आणि टोचन करा.

गॅरेजमध्ये कोणत्या क्रमानं तपासायचं?

स्वस्त गोष्टी आधी, महाग शेवटी. मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून हे बघून घ्या :

१. एअर फिल्टर आणि त्याचा डबा. फिल्टर फाटला आहे का, डब्यात आतल्या बाजूला धूळ आहे का.

२. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंतचे सगळे होज, क्लिपा. फाटक्या जागी बाहेरून तेलकट डाग दिसतो.

३. व्हॅक्यूमचे बारीक रबरी पाइप. कडक होऊन तडकलेला एक पाइप टर्बोचं काम बंद पाडतो. उंदरांनी कुरतडलेले पाइपही सापडतात.

४. स्कॅनर. दिसलेल्या कोडचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

५. ऑइलची लेव्हल, रंग आणि ऑइलचा दाब. दाब गेज लावून मोजायचा, अंदाजानं नाही.

६. ब्रीदर पाइप चोंदला आहे का. डिझेलमध्ये इंजेक्टरच्या बुडाशी काळा डांबरासारखा थर आहे का. असेल तर वॉशर लीक आहे.

७. शेवटी टर्बोचा दांडा. इंजिन बंद आणि थंड असताना हवेचा होज काढून पंख्याचा मधला नट बोटांनी धरा. आडवा किंचित प्ले बहुतेक टर्बोंत असतोच, ऑइल नसताना तो जाणवतो. पण दांडा आत-बाहेर हलला, पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा पातं तुटलेलं असलं, तर टर्बो गेला.

होजमध्ये ऑइलचा पातळ ओलावा दिसला म्हणून घाबरू नका. ब्रीदरमधून येणारं थोडं ऑइल तिथं दिसतंच. ऑइल साचलेलं असेल, होज काढल्यावर धार लागत असेल, तर मात्र कारण शोधायला हवं.

आणखी एक. स्कॉर्पिओ एमहॉक, ९० पीएसची अर्टिगा यांसारख्या डिझेल गाड्यांत व्हीजीटी टर्बो असतो. त्यात धुराच्या बाजूला हलत्या पाकळ्या असतात. गाडी सतत गावातल्या गावात हळू चालवली की काजळीनं त्या अडकतात. अशा वेळी टर्बो उघडून साफ केला किंवा ॲक्चुएटर दुरुस्त केला तरी पुष्कळदा काम होतं. बदलायचीच गरज नसते.

खरंच गेला असेल तर तीन वाटा

कोअर बदलणं : मधला भाग, म्हणजे दांडा, बेअरिंग आणि दोन्ही पंखे, नवा टाकतात. बाहेरचं घर जुनंच राहतं. घर घासलेलं किंवा तडकलेलं नसेल तरच हे करा. कोअर मशीनवर बॅलन्स केलेला हवा. व्हीजीटी असेल तर पाकळ्यांचं सेटिंगही मशीनवर करून घ्यावं लागतं.

रिकंडिशन टर्बो : मोठ्या शहरात टर्बोचं काम करणारी खास वर्कशॉप असतात. मशीन आहे का ते विचारा आणि बॅलन्सिंगचा कागद मागा. हातानं फिरवून 'एकदम स्मूथ' म्हणणाऱ्यावर जाऊ नका.

नवा टर्बो : सर्वात महाग, पण गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल तर बिनघोर. जुन्या टर्बोवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर गॅरेट, बोर्गवॉर्नर, मित्सुबिशी, आयएचआय असं कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर असतो. तोच नंबर जुळवा. 'याच गाडीला बसतो' एवढ्यावर भागत नाही, एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांना वेगवेगळे टर्बो असतात. डुप्लिकेट माल चांगल्या खोक्यात येतो, म्हणून पक्कं बिल घ्याच.

भंगारातल्या गाडीचा काढलेला टर्बो स्वस्त पडतो, पण तो किती चालला, कशा ऑइलवर चालला हे कुणालाच माहीत नसतं.

बसवताना या गोष्टी चुकवू नका

- ऑइल आणि ऑइल फिल्टर नवीन. जुनं ऑइल ठेवून नवा टर्बो बसवू देऊ नका.
- टर्बोला ऑइल नेणारा पाइप शक्यतो नवाच टाका. आतला कोळसा डिझेलनं धुतला तरी पूर्ण निघत नाही, नंतर सुटून नव्या टर्बोत जातो.
- चेंबर उतरवून स्ट्रेनर साफ करा. माझ्या गाडीच्या स्ट्रेनरवर बोटभर गाळ निघाला होता.
- इंटरकूलर आणि होजमधलं साचलेलं ऑइल, पात्यांचे तुकडे काढून टाका. तुकडा राहिला तर तो इंजिनात जातो. ऑइल राहिलं तर ते इंजिनात ओढलं जाऊन जळतं.
- ऑइलच्या जोडांवर सिलिकॉन लावू देऊ नका. जास्तीचा सिलिकॉन आत सुटून वाट बंद करतो. पॅकिंग नवीन टाका.
- स्टार्ट करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या छिद्रात स्वच्छ ऑइल सोडा, पंखा हातानं फिरवा. मग इंजिन सुरू होणार नाही अशी सोय करून थोडा वेळ सेल्फ मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचतं.
- सुरू झाल्यावर काही मिनिटं नुसतं आयडलवर ठेवा. लगेच रेस द्यायची नाही.

ऑइल आणि पाइप बदलल्याची बिलं जपून ठेवा. वॉरंटी मागायला गेलात की पहिला प्रश्न तोच येतो.

जुनी टर्बो गाडी घेताना

गाडी थंड असताना बघायला जा. मालकानं आधीच सुरू करून ठेवली असेल तर शंका घ्या. पहिल्या स्टार्टचा धूर बघा. ऑइलचं झाकण उघडून आत डांबरासारखा थर आहे का बघा. मग चढ असलेल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढून बघा, आणि कुणाला तरी मागून धूर बघायला सांगा. पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग रेस दिल्यावर निळा धूर आला तर सौदा थांबवा.

ऑइल बदलल्याची बिलं मागा. मीटरवरचे किलोमीटर खोटे करता येतात, पण वर्षावर्षाची सर्व्हिस बिलं सहसा खरं सांगतात. टर्बो याआधी बदलला आहे का, हेही विचारा. 'नवीन टर्बो टाकलाय' ही जाहिरात नुसती ऐकू नका. जुना कशानं गेला होता, हा पुढचा प्रश्न करा. मी तो केला नव्हता.

हौशी माणसाची दमदार गाडी असेल तर रिमॅप, बदललेला सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर आहे का बघा. विमा कंपनीला न कळवता केलेल्या अशा बदलांमुळं क्लेम अडकू शकतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा आणि फिटनेसची मुदत तपासा, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का तेही बघा.

रोजच्या सवयी

पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा, ५डब्ल्यू-३० म्हणजे ५डब्ल्यू-३०. आपले रस्ते धुळीचे, उसाच्या सीझनला तर विचारू नका. धुळीत चालणाऱ्या गाडीचं ऑइल आणि एअर फिल्टर लवकर बदलायचं असतं, हे पुस्तिकेतही लिहिलेलं असतं. सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस देऊ नका, अर्धा मिनिट जाऊ द्या. घाट चढून किंवा हायवेवर पळवून आलात तर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा. गावातल्या गावात फिरून आलात तर त्याची गरज नाही. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा.

फसवणूक झाली तर

डीलरकडून गाडी घेतली असेल आणि त्यानं दोष लपवला असेल, किंवा गॅरेजवाल्यानं पैसे घेऊन चुकीचं काम केलं असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तिथं निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते आहे का विचारा. ओळखीच्या माणसाकडून घरगुती सौदा केला तर ग्राहक कायदा सहसा कामी येत नाही. म्हणून काय काय सांगितलं ते कागदावर घ्या आणि सही घ्या. बदललेला जुना टर्बोही गॅरेजमध्ये सोडू नका, घरी आणा. वाद झाला तर तोच पुरावा.

माझे दोन्ही जुने टर्बो गोठ्यातल्या फळीवर पडून आहेत. तिसरा बसवताना वॉशर, पाइप, स्ट्रेनर, ऑइल सगळं झालं. त्याला आता पावणेदोन वर्षं झाली, घाटात आवाज नाही, धूर नाही. गावातलं कुणी 'टर्बो गेला' म्हणत आलं की मी त्याला आधी गोठ्यात नेतो, ते दोन टर्बो दाखवतो आणि मगच मिस्त्रीचा पत्ता सांगतो.